पलंगाखालची खुडूक कोंबडी

नीकाबाईने लिंपलेल्या भिंतीवरून मुंगीसुद्धा घसरेल, असं एल होकोटाल गावात म्हणत. चुना, चाळलेली वाळू आणि ज्वालामुखीची राख. थापीबिपी काही नाही, स्वतःचे तळहात. आरोग्य केंद्राच्या ब्रीसेदाबाईंनी तिला हे मिश्रण शिकवलं आणि वर्षभरात शिष्येने गुरूला मागे टाकलं.

भिंतीला भेग पडली की चोचवाल्या ढेकणाला आयतं घर मिळतं. हा ढेकूण काही बाहेरून आलेला पाहुणा नव्हे, इथल्याच डोंगरातला, दगडाखालचा. फवारलं की मरतो, आणि चार महिन्यांनी त्याचे भाऊबंद सरपणाच्या मोळीतून परत हजर. कोंबडीच्या आडोशाला पोसतो, झोपलेल्या माणसाचं रक्त पितो आणि तिथेच हगून ठेवतो. खाजवलं किंवा डोळा चोळला की ती घाण अंगात जाते, आणि पंधरा-वीस वर्षांनी काळीज सुजतं. नीका हे बायकांना घरोघर सांगायची, आणि कुणाच्या घरात कोंबडी दिसली की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"काय गं चोना, कोंबडीला बाळंतपणाला आत घेतलंस का? ढेकणांना पंगत घातलीस की!"

"तुझी जीभ तेवढी लिंपून घे एकदा, नीका," चोना म्हणायची आणि कोंबडी बाहेर हाकलायची.

आणि नीकाच्या स्वतःच्या घरात, सात वर्षांच्या ओतिलियाच्या पलंगाखाली, टोपलीत खुडूक कोंबडी बसलेली असायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! पण तिचंही खोटं नव्हतं. बाहेर ताक्वासिन फिरायचा. मांजराएवढं जनावर, पण एका रात्रीत कोंबडी आणि अंडी दोन्ही फस्त करायचा. ढगांच्या गडगडाटाने अंडी नासतात, ही आजीची शिकवण. आणि नवरा कमवायला उत्तरेच्या देशात गेला तो तिकडचाच झाला, म्हणून लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाला, मुलगी वयात आल्याच्या सोहळ्याला, सगळ्या गावाला मक्याच्या पिठात कोंबडी भरलेले तामाल घालायचेच, हा तिचा हट्ट होता. ब्रीसेदाबाईंच्या तपासणीच्या दिवशी टोपली ओढ्याकाठी जायची आणि संध्याकाळी पुन्हा पलंगाखाली यायची. एकच तर कोंबडी, असं ती मनाला समजवायची.

त्याच वर्षी एका सकाळी ओतिलियाची उजवी पापणी टम्म सुजली. गांधीलमाशी चावली असेल, म्हणून नीकाने कडू पाल्याने शेकलं. काही आठवड्यांत सूज उतरली. पुढे पंधरावा वाढदिवस थाटात झाला, सत्तर माणसं जेवली, आणि नीका कितीतरी दिवस त्याच आनंदात होती.

बाविसाव्या वर्षी ओतिलिया झऱ्यावरून पाणी आणताना अर्ध्या वाटेत खाली बसली. मग रोजच बसू लागली. शहरातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. हृदय फुगलं होतं आणि गोळ्यांच्या पलीकडे गेलं होतं.

त्या दिवसापासून नीकाने कुणाची भिंत लिंपली नाही. आपलंच पाप लेकीच्या छातीत बसलंय हे तिला कळलं होतं. ओतिलिया जायच्या आत ते तिच्यापुढे कबूल करायचं होतं, पण घेवड्याचं पाणी पाजताना रोज ती दुसरंच काहीतरी बोलून जायची. शेवटी एका दुपारी, ओसरीत तीन उशांना टेकलेल्या लेकीचे पाय चोळताना, ती बोलली.

"पोरी, तुझ्या पलंगाखाली ती कोंबडी..."

"माहितीये मला, आई. मीच खोटं बोलले ना."

"तू? कधी?"

"ब्रीसेदाबाई शाळेत आल्या होत्या. कुणाच्या घरात कोंबडी झोपते, हात वर करा, म्हणाल्या. मी नाही केला. तू गावभर सगळ्यांना दटावत होतीस, लोक तुला हसले असते." ती दम घ्यायला थांबली. "बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. नीकाची मुलगी शोभतेस, म्हणाल्या. त्या खोट्याचीच शिक्षा दिली देवाने. तू कशाला जिवाला लावून घेतेस?"

"अगं, मी ठेवली होती ती. तू लेकरू होतीस. दोष माझा आहे, सगळा माझा."

ओतिलियाने नकारार्थी मान हलवली आणि आईचे डोळे पुसले.

नीकाने तिला परोपरीने सांगितलं, पाया पडून सांगितलं, पाद्र्यालाही सांगायला आणलं. ओतिलिया सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायची आणि आईचा हात थोपटायची. अकराव्या दिवशी ती गेली. पाप आपलंच होतं असं मानून गेली, आणि नीकाला ते तिच्याकडून परत घेता आलं नाही.