गळती न थांबवणारे हमदुल्लाभाई

एसीची गळती थांबवायला आलेल्या माणसाने गळती थांबवावी, एवढीच माझी अपेक्षा होती. हमदुल्लाभाई आठ मार्चला आले, बाराला आले, सतराला आले. पाणी ठिबकतच राहिलं.

आखातातल्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतल्या आमच्या बाल्कनीत, एसीच्या पाइपाखाली शेवाळाचा तळहाताएवढा हिरवा मखमली डाग पडला होता. त्याच्यासमोर ते उकिडवे बसले आणि खिशातून भिंग काढलं.

"काकी, मॉसला बोंडं आलीत! पिकेपर्यंत पंधरा दिवस पाणी पाहिजे. बोंड उघडल्याशिवाय जातीचं नाव लागत नाही."

"आणि माझी भिंत?"

"सुकेल ना, इन्शाल्ला."

मूळचे गुहागरकडचे, वय अठ्ठावन्न. बॉटनीचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून शारजाला आले ते सत्तावीस वर्षांपूर्वी. तिथल्या रोल्ला भागात पाच जणांच्या खोलीत राहतात आणि दिवसभर लोकांच्या एसीच्या गळत्या बंद करतात. इथे मॉस उगवतं ते नेमकं त्याच गळत्यांखाली. ही जात त्यांना नऊ वर्षांत चार ठिकाणी दिसली, आणि चारही वेळा बोंडं हिरवी असतानाच गळती बंद करा म्हणून ऑफिसचा फोन आला. सुट्टीवर गावी जाताना बॅगेत मॉसच्या कागदी पुड्या असतात. त्यांच्या पत्नी ताजबी म्हणतात म्हणे, "लोकांचे नवरे अत्तर आणतात, आमचा वाळका चिखल आणतो."

त्यांचं दैवत योहान हेडविग, अडीचशे वर्षांपूर्वीचा जर्मन डॉक्टर. पेशंट बघायच्या आधी, सकाळी सकाळी, सूक्ष्मदर्शकाखाली मॉस बघायचा. बोंडाच्या तोंडाशी बारीक दात असतात, त्यांवरून त्याने जाती लावल्या.

"आणि पेशंट?" मी विचारलं.

"त्यांचं काही वाचलं नाही, काकी."

चोवीस तारखेला इमारतीची नोटीस आली: गळती दिसली तर दंड. शैलेंद्र, माझा मुलगा, म्हणाला, "आई, कम्प्लेंट कर, खलास." मी केली. दुपारी हमदुल्लाभाई आले आणि वीस मिनिटांत पाइप बदलला.

"म्हणजे येत होतं की!"

"काम येतं मला, काकी." एवढंच बोलून हत्यारं गोळा केली.

दुसऱ्या दिवशी मखमल आक्रसून तपकिरी पडली. मला त्यांचा राग आला, माझा आला, त्या जर्मन डॉक्टरचाही आला. शेवटी फोन लावला.

"अहो, याला एसीचंच पाणी लागतं का? माझ्या इस्त्रीच्या बाटलीने फवारलं तर?"

ते म्हणाले, "जगेल. पण नळाचं नको, पिण्याचं घाला."

"मग नऊ वर्षं कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मेंटेनन्सचा माणूस लोकांना सांगणार, शेवाळाला पाणी घाला? कंपनी घरी पाठवील, काकी."

सकाळ-संध्याकाळ मी फवारत राहिले. मखमल पुन्हा हिरवी झाली. चार एप्रिलला ते सुट्टी टाकून शारजाहून बसने आले. बोंडं तांबूस होऊन उघडली होती. भिंगातून दोनदा मोजलं.

"सोळा दात. नाव लागलं!" आणि पुडीवर एक लांबलचक लॅटिन नाव लिहिलं.

"दुर्मीळ आहे का?"

"छे हो! जगभर मिळतं."

दहा दिवस पिण्याचं पाणी घातलं होतं मी. कपाळावर हात मारून घेतला.

"मिळू दे जगभर," ते म्हणाले. "मला आज मिळालं."

अर्धी मखमल अलगद पुडीत गेली.

"उरलेलं आता खरवडून टाका," मी म्हटलं.

"टाकतो, टाकतो," असं म्हणत त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.