तांबडीचा डावा डोळा

घोड्याजवळ जाताना बोलत जावं, हे रेडिओकाकांचं पहिलं आणि जवळजवळ एकमेव शास्त्र होतं. घोड्याला आपल्या नेमकं मागचं दिसत नाही. चाहूल न लागता कुणी आलं की तो आधी लाथ मारतो आणि मग विचार करतो. म्हणून तबेल्याच्या दारापासूनच काकांची आपल्या घोडीशी, तांबडीशी, टकळी सुरू व्हायची. आलो गं बाई, मीच आहे, सरक जरा, काल कुठं अंग घासून आलीस ते बघू दे. खरारा करताना, खूर उचलताना, साज चढवतानाही तोंड बंद नाही. दुधाचे कॅन पोचवायला गाडी निघाली की आधी त्यांचा आवाज यायचा, मागून गाडी. गावानं ठेवलेलं नाव त्यांनी आनंदानं पत्करलं होतं.

काकू मात्र तबेल्यात पाऊल टाकत नसत. तीस वर्षं त्यांचं एकच पालुपद होतं, आधी माझ्या सवतीला जेवू घाला, मग माझ्याकडे बघा. याहून जास्त बोलायला त्यांना घरात कधी फट सापडलीच नाही.

मग काकांच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. पंधरा दिवसांनी ते घरी आले ते गळ्याला पट्टी बांधून आणि बोलायला एक पाटी घेऊन. एवढे दिवस काकूंनी दारातूनच लांब दांड्याच्या पंज्यानं चारा आत सारला होता, कुरकुरत. आणि नेमका तेव्हाच तांबडीचा डावा डोळा सुजला. उजवा दोन वर्षांपूर्वी अशाच दुखण्यात गेला होता. तिला जे काही दिसत होतं ते या एका डोळ्यानं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी डोळा तपासला, पहिलं मलम स्वतः घातलं. दिवसातून चार वेळा, तीन आठवडे, म्हणाल्या. उन्हात न्यायचं नाही, माश्या बसू नयेत म्हणून जाळी बांधायची. पुढचं त्यांनी काकूंकडे बघत सांगितलं. हाही डोळा गेला आणि जवळ आलेलं माणूस तिला ओळखता येईना, तर एवढ्याशा तबेल्यात तिला ठेवणं तुमच्या जिवाला धोक्याचं. मोकळं कुरण असलेल्या कुणाकडे तरी पाठवावी लागेल.

काकांनी पाटी बाजूला ठेवली आणि मलमाची नळी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मलम घेऊन गेले. अंगाला दवाखान्याचा वास, तोंडात शब्द नाही. तांबडीनं कान मागे पाडले आणि मागचा पाय उचलला. काका दारातूनच परतले. दुपारी त्यांनी युक्ती काढली. गाडीच्या साजातली घुंगरं सोडून स्वतःच्या कमरेला बांधली, म्हणजे तिला लांबूनच कळावं. तिला जन्मभर गाडीला जुंपणाऱ्या माणसानंच ही चूक करावी! तांबडीला घुंगरांचा एकच अर्थ ठाऊक होता, चला. ती चालू लागली, दोर ताणला तरी थांबेना, आणि काका तिचं अंग आणि भिंत यांच्यामध्ये सापडले. बरगड्या वाचल्या, खांदा काळानिळा झाला.

काकूंनी त्यांच्या कमरेची घुंगरं सोडली. "नाचून झालं असेल तर जेवून घ्या," म्हणाल्या.

पण संध्याकाळी त्या स्वतःच तबेल्याच्या दारात उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी फोनवर समजावलं होतं, समोर नको, खांद्याजवळ उभं राहा, दोर हाताला गुंडाळू नका, आणि बोलत राहा, काहीही बोला. या काहीहीनंच काकूंना घाम फोडला. शेवटी त्यांनी घसा साफ केला आणि स्वयंपाकघरातल्या डब्यांत काय काय आहे ते सांगायला सुरुवात केली. पीठ संपत आलंय. साखरेला मुंग्या लागल्यात. तांबडीचा एक कान पुढे आला. पंधरा दिवस चारा घेऊन येणारी कुरकुर ती ओळखत होती. काकूंनी तिच्या मानेवर हात टेकवला, काकूंच्या मागून काका हळूच पुढे सरकले, अंगठ्यानं पापणी उचलली आणि मलमाची बारीक रेघ आत सोडली.

रोज चार वेळा बोलायचं म्हणजे विषय पुरत नाहीत. डबे संपले, शेजारणी संपल्या, मग काकांची पाळी आली. त्यांचं घोरणं, त्यांचं वस्तू हरवणं, भाजी आणायला जाऊन गप्पा घेऊन येणं. काका बिचारे हातात नळी धरून सगळं ऐकायचे, आणि तांबडी कान हलवून जणू हुंकार भरायची.

दहाव्या दिवशी बोलता बोलता काकू दवाखान्याच्या विषयावर आल्या. ऑपरेशन अर्ध्यावर असताना डॉक्टर बाहेर आले होते, हे त्यांनी घोडीला सांगितलं. नुसती गाठ काढून भागणार नाही, म्हणाले होते. आवाज की माणूस, लगेच सांगा. बाकावर त्या एकट्याच होत्या.

"सही मी केली, बाई. यांचा आवाज माझ्या सहीनं गेला. मनात राग धरला असेल, तर मला कळणार कसं?"

काकांचा अंगठा थांबला. तांबडीनं मान झटकली आणि मलम तिच्या गालाला फासलं गेलं. त्यांनी ते पुसलं, पुन्हा नीट घातलं. मग तिच्या मानेवर टेकलेल्या काकूंच्या हातावर आपला तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. काकू बोलायच्या थांबल्या. तरीही घोडी हलली नाही.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी डोळ्याजवळून हात फिरवला तशी पापणी चटकन मिटली. डोळा वाचला होता. आता आठवडाभर एकाच वेळचं मलम, सकाळचं.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच गेले. चाहूल लागावी म्हणून दारात पायानं गवत चाळवलं, खांद्याशी थांबले, मानेवर तोच तळवा ठेवला. तांबडीनं कान वळवला आणि उभी राहिली. मलम घालून ते स्वयंपाकघरात आले आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, राग नाही. खाली दुसरी ओळ लिहिली, आज एकट्यानं केलं, उद्यापासून तुला यायला नको.

काकूंनी वाचलं. पहिली ओळ राहू दिली, दुसरी बोटानं पुसली.

"तिला विचारलंत का?" म्हणाल्या, आणि गॅस बारीक करून तबेल्याकडे निघाल्या. कालची गोष्ट अर्धीच सांगून झाली होती.