स्क्रीनवर लावलेली तीट

हा घोटाळा मी आजवर कोणाला सांगितला नाही, वरूडला माहेरीसुद्धा नाही. पण चहा ठेवलाच आहे तर ऐका. हसायचं तर हसा.

अकोल्यात आम्ही तिघंच. मी, आठ महिन्यांची चिमी आणि आमचे हे. हे घरूनच काम करतात. घरून म्हणजे काय, देह घरात अन् कानावर हेडफोन. दिवसभरात माझ्याशी बोलणं किती? "चहा." "झाला का सैपाक?" चिमीला बोलता येत नाही, अन् शेजारीण सकाळीच कुलूप लावून नोकरीला जाते.

तर ह्यांनी सहा महिने खपून कंपनीसाठी चित्रं काढणारा एक प्लगइन बनवला. शुक्रवारी तो साहेबांना दाखवायचा होता. बुधवारी सकाळी हे आंघोळीला गेले. स्क्रीनवर पांढऱ्यावर रंगीत पट्ट्याच पट्ट्या, पैठणीच्या काठासारख्या. इतकं देखणं अन् असं उघडं? मागच्या खेपेला ऐन दाखवायच्या वेळी सगळं बंद पडलं होतं. माझा जीव तसाही घाबरा. चिमीच्या गालाला काजळाची तीट लावतच होते, बोटाला उरलेलं स्क्रीनवर टेकवलं.

हे आले अन् पाहतच राहिले.

"हा काळा ठिपका कुठून आला? चित्र सरकवलं तरी जागचा हलत नाही. माह्या प्लगइनमध्येच गडबड आहे."

प्रोग्राम लिहायची त्यांची दुसरी खिडकी काळीकुट्ट. तिच्यात काजळ दिसणार कसं? म्हणून ह्यांना ठिपका चित्रातलाच वाटला.

मी सांगणारच होते, खरंच. पण ह्यांनी हेडफोन काढले अन् खुर्ची ओढली. "बस इथं. कोणाले समजावून सांगतलं का चूक सापडते."

बसले.

"एक मोठा कॉम्प्युटर. त्याच्या पोटात दहा लटके कॉम्प्युटर. हायपरवायझर त्यायची पाळी लावते. कोणाले कधी पाळी भेटली, त्या नोंदीचं हे चित्र."

"माह्या माहेरी चार वहिन्या अन् गॅस एकच, आई पाळी लावते. तसं?"

"अगदी तसंच. रंगीत म्हणजे गॅस भेटला. राखाडी म्हणजे उभी राहून वाट पाहून राहिली."

"ही राखाडी लय लांब आहे."

"पाह्य, तुले दिसलं. साहेबाले आकड्यांत दिसत नव्हतं."

सातवी शिकलेली मी, पण समजलं. आता सांगा, अशा वेळी काजळाचं नाव कोण काढील?

गुरुवारी पुण्याचे दोन सोबती फोनवर आले. त्यांच्या स्क्रीनवर तेच चित्र, पण ठिपका दिसेना. ह्यांनी अर्धा प्रोग्राम उसवला. जेवतानाही मलाच सांगत होते. मी घरभर फडकं मारलं, स्क्रीन तेवढी सोडून.

शुक्रवारी दुपारी ह्यांचा चेहरा उतरला. "साहेबाले सांगून देतो, माह्याच्यानं होत नाही. दुसऱ्याले द्या काम."

मग राहवलं नाही. ओढणीचं टोक ओलं केलं अन् ठिपका पुसला.

ह्यांनी स्क्रीन पाहिली, ओढणी पाहिली, मग चिमीचा गाल.

"काजळ?"

"नजर लागू नये म्हणून."

"अन् दोन दिवस काहून नाही सांगतलं?"

"तुमी बोलून राहिले होते ना माह्याशी."

ह्यांनी घड्याळ पाहिलं अन् साहेबांना फोन लावला.

साहेबांना चित्र आवडलं. इतकं, की त्याच बैठकीत ह्यांना पुढचं काम दिलं. हेडफोन पुन्हा कानावर चढले. दोन दिवस बोलका नवरा मिळाला होता, तोही मीच ओढणीनं पुसून टाकला.