एक किलोच्या आतला नाताळ

सोमवार, २२ डिसेंबर २०२५, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. भांडुप पश्चिमेच्या टेंभीपाड्यात, चढावरच्या पाच बाय आठच्या दुकानात शांतवन हिवाळे शिलाई मशीनवर एका काळ्या पँटची कंबर दीड इंच सैल करत होते. पँट चर्चच्या गायनवृंदातल्या एका गृहस्थांची होती. नाताळच्या आधी कंबरा सैल करायला येतात आणि जानेवारीत कोणीही त्या परत घट्ट करून घेत नाही, हे हिवाळ्यांचं एकोणतीस वर्षांचं निरीक्षण आहे.

मशीनच्या उजव्या अंगाला पाण्याची एक छोटी बाटली होती. तिच्यावर मार्करने सात रेघा मारलेल्या होत्या. एक रेघ म्हणजे शंभर मिलिलिटर. पाणी, चहा, आमटी, औषधासोबतचा घोट, सगळं धरून दिवसाला सातशे मिली. हिवाळ्यांच्या दोन्ही किडन्या एप्रिल २०२३ पासून कामावर नाहीत. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा ते साडेदहा, भांडुपमधल्याच एका डायलिसिस केंद्रात खुर्ची क्रमांक चारवर बसून ते रक्त धुऊन घेतात आणि साडेअकराला दुकान उघडतात.

या वर्षी नाताळ गुरुवारी आला होता.

नाताळची उपासना सकाळी साडेआठला असते. चढाच्या टोकाला पत्र्याच्या छपराचं छोटं मराठी चर्च आहे, तिथे हिवाळे बावीस वर्षं पेटी वाजवतात. त्यांच्या गैरहजेरीत बसायला माणूस तयार होता. पाळकसाहेबांचा पुतण्या अनय, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, स्वतःचा कीबोर्ड असलेला.

"काका, टेन्शनच घेऊ नका," तो म्हणाला होता. "मी मस्त बीट टाकतो."

हिवाळ्यांना नेमकं त्याचंच टेन्शन होतं. मे महिन्यातल्या एका लग्नात अनयने संथ चालीच्या गीताला असं एक बटण दाबलं की दुसऱ्या कडव्याला आपोआप टाळ्या वाजायला लागल्या. त्या थांबवायचं बटण तिसरं कडवं संपेपर्यंत सापडलं नाही. नवरदेव आनंदात होता. हिवाळे त्या दिवशी जेवले नाहीत.

तरी अनय हे निम्मंच कारण. उरलेलं कारण त्यांच्या पत्नी एस्तेर सांगतात. आजार कळल्यावर हिवाळ्यांचं देवाशी बोलणं बंद झालं होतं. दर रविवारी चर्चला जायचे, पेटी काढायचे, वाजवायचे, पण तोंड मिटलेलं. "मालकाशी वाजलं म्हणून कोणी दुकान बंद ठेवतं का?" एवढंच त्यांचं म्हणणं. हे सव्वा वर्ष चाललं. मग एका गुरुवारी डायलिसिस चालू असताना वीज गेली. जनरेटर लागायला चाळीस सेकंद गेले आणि तेवढ्या वेळात हिवाळे देवाशी बरंच बोलून गेले. यंत्राला स्वतःची बॅटरी असते आणि धोका काहीच नव्हता, हे त्यांना नंतर कळलं.

"पण वीज आल्या आल्या गप्प बसणं बरं दिसलं नसतं," ते म्हणतात. "म्हणून चालू ठेवलं."

तेव्हापासून त्यांनी एकही उपासना चुकवली नव्हती. देवाने आपल्याला धरून ठेवलं की आपण त्याला, याची चर्चा ते करत नाहीत. हजेरी लावतात.

डायलिसिस केंद्रात सणांची अदलाबदल चालते. कुणीही तशी योजना आखलेली नाही, गरजेतून पडलेली रीत आहे. १४ एप्रिल सोमवारी आला तेव्हा सोमवारवाल्या संघमित्राताईंना एकाने आपली पाळी दिली. गणेश चतुर्थी बुधवारी आली तेव्हा दत्ताराम परब अडकले. परब सोमवार-बुधवार-शुक्रवारचे, खुर्ची तीच, चार नंबर. कणकवलीकडचे, पूर्वी गिरणीत, नंतर एका सोसायटीचे वॉचमन. हिवाळ्यांनी त्यांची बुधवारची पाळी स्वतः घेतली आणि आपली गुरुवारची त्यांना दिली. परबांच्या घरी आरतीला परब हजर राहिले. तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "माझो गणपती तू सांभाळलंस, तुझो नाताळ मी सांभाळतलंय."

म्हणजे हिवाळ्यांनी बुधवारी, २४ तारखेला बसायचं आणि गुरुवारी परबांनी. सरळ हिशेब. मात्र केंद्राच्या भिंतीवर एक नियम लावलेला आहे: पाळी बदलून हवी असेल तर आधीच्या वेळी वाढलेलं वजन अडीच किलोच्या आत हवं. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं आणि काट्यावर दिसतं. अदलाबदलीत दोघांच्याही दोन पाळ्यांमध्ये एक दिवस जास्त जातो. ज्याला पाणी सांभाळता येत नाही, त्याच्या फुप्फुसात ते त्या दिवशी उतरू शकतं.

आता मंगळवारी वजन होणार, आणि त्याआधीचे रविवार-सोमवार कॅरल फेरीचे.

कॅरल फेरीत मंडळी संध्याकाळी घरोघर जातात. दोन गीतं, एक शास्त्रपाठ, प्रार्थना, मग चहा. बाकीचे उभे असतात, त्यांना दाराशी सरकता येतं. पेटीवाला खाली बसलेला, मांडीसमोर पेटी. ट्रे सगळ्यांत आधी त्याच्यासमोर येतो. शिवाय नुकतीच त्या घरासाठी प्रार्थना झालेली असते. आशीर्वाद मागून लगेच त्या घरचा चहा नाकारायचा, हे या मंडळींत अजून कोणाला जमलेलं नाही. हिवाळे म्हणाले, "अर्धा कप." दोन संध्याकाळी, सतरा घरं, सतरा वेळा अर्धा कप. गृहिणींचा अर्धा कप पाऊण असतो, ही बाब त्यांनी हिशेबात धरली नव्हती.

मंगळवारी सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी ते काट्यावर चढले. प्रोटेस्टंट माणसाला पापकबुलीची खोली नसते. हिवाळ्यांना काटा आहे, आणि काट्याजवळ तंत्रज्ञ श्वेता आहे, वय सव्वीस.

"तीन किलो चारशे," श्वेता म्हणाली. "काका, कुठे गेला होतात?"

"प्रार्थनेला."

"प्रार्थनेत काय देतात?"

"अर्धा कप."

"कितीदा?"

हिवाळे बोटांवर मोजायला लागले.

"वाट लागली ना आता," श्वेता म्हणाली. "उद्याची पाळी विसरा. गुरुवारी नेहमीसारखे या."

चार तासांत तीन किलो चारशे काढताना शेवटच्या तासात पोटरीत गोळा आला. श्वेताने पाय दाबून धरला. हिवाळे ओरडले नाहीत, त्यांनी शांतपणे विचारलं की एका दिवसाची परीक्षा घेता येईल का. आज काट्यावरून कोरडा उतरतो, उद्या सकाळी पुन्हा चढतो. डॉक्टर राउंडला आल्यावर श्वेताने विचारलं. डॉक्टरांनी एक आकडा सांगितला. चोवीस तासांत एक किलोच्या आत वाढ असेल तर खुर्ची हिवाळ्यांची. एक किलोवर गेलं तर परब नेहमीप्रमाणे बुधवारीच बसतील आणि हिवाळे नाताळच्या दिवशी.

हिवाळ्यांनी घरी येऊन परबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तीन किलो चारशे?" परब म्हणाले. "मेल्या, तू गाणी म्हणूक गेल्लंस की चाय पिऊक?"

"दोन्ही झालं."

"उद्या दोघांनीय जावचा मगे. ज्याका खुर्ची मिळात तो बसात."

त्याच मंगळवारी संध्याकाळी कॅरल फेरीची शेवटची सात घरं होती. फेरीला जाऊच नका, असं एस्तेरबाईंनी एकदा म्हणून पाहिलं. "मग अनय वाजवेल," हिवाळे म्हणाले. विषय संपला. पाळकसाहेबांनी सुचवलं, "उपवास आहे म्हणून सांगा."

"नाताळच्या आठवड्यात पाळकांनी खोटं शिकवू नये," हिवाळे म्हणाले. पाळकसाहेब हसले आणि ती सूचना त्यांनी मागे घेतली.

खरं सांगायचं ठरलं. पहिल्या घरी हिवाळ्यांनी खरं सांगितलं: चहा चालत नाही, पाणी मोजून आहे. घरच्या बाई कळवळल्या आणि सरबत घेऊन आल्या. दुसऱ्या घरी, चहा चालत नाही हे कळल्यावर, शहाळं फोडायला काढलं. पाणी तर होतंच, वर पोटॅशियम, म्हणजे किडनीवाल्याला दुप्पट वाईट. तिसऱ्या घरचे म्हणाले, पाणी नको ना, मग केक घ्या, केक कोरडाच असतो. तो बेदाणे, खजूर आणि जर्दाळू यांनी इतका भरलेला होता की केंद्रातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो पुरावा म्हणून जप्त केला असता. हिवाळ्यांनी तिन्ही ठिकाणी नकार दिला. तिन्ही ठिकाणी माणसांचे चेहरे उतरले. तिसऱ्या घरातून बाहेर पडताना ते एस्तेरबाईंना म्हणाले, "आजारापेक्षा हे अवघड आहे गं."

चौथं घर जानकीबाई पगारे यांचं. वय एक्याऐंशी, एकट्या राहतात, दहा बाय बाराची खोली, भिंतीवर तारा लावलेला. मंडळी दाटीवाटीने उभी राहिली. दोन गीतं झाली, पाठ झाला, प्रार्थना झाली. हिवाळ्यांनी आपलं खरं पुन्हा एकदा सांगितलं. जानकीबाईंनी ऐकून घेतलं. मग उठल्या, फळीवरून कप-बशी काढली, पदराने पुसली आणि पेटीवर ठेवली. कप रिकामा होता.

"धर," त्या म्हणाल्या.

"आई, यात काही नाही."

"मला दिसतंय. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझ्या. माझ्या घरातून कप हातात न धरता कोणी गेलेलं नाही, तू काय पहिला जाणार आहेस?"

हिवाळ्यांनी कप धरला. बाकीच्यांनी चहा पिईपर्यंत धरून ठेवला. मध्ये एकदा, सवयीने, फुंकर मारली. अनय इतका हसला की त्याचा चहा बशीत सांडला.

"नीट पी रे, बीटवाल्या," जानकीबाई त्याला म्हणाल्या.

पुढच्या तीन घरांत ट्रे दिसायच्या आधीच हिवाळे म्हणत, "मला रिकामा कप द्या." लोक आधी चमकत, मग देत. एकाही घरात कोणाचा चेहरा उतरला नाही. शेवटच्या घरी तर सोनेरी काठाचा, पाहुण्यांसाठी ठेवलेला कप निघाला.

घरी आल्यावर त्यांनी गोळीसोबत चाळीस मिली पाणी घेतलं, बर्फाचा एक खडा तोंडात धरला आणि प्रार्थना करून झोपले.

बुधवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी केंद्राच्या दारात दोघं उभे होते. दोघांच्या हातात चादरीची पिशवी आणि नाश्त्याचा डबा, खुर्ची एक. आधी परब काट्यावर चढले. सोमवारपासून एक किलो सहाशे. ते आणखी एक दिवस थांबू शकत होते.

"प्रार्थना केलंस?" परबांनी विचारलं.

"काल केली. काट्यापाशी करायची म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पुस्तक उघडणं."

हिवाळे चढले. आकडे थरथरले आणि थांबले. एक किलो शंभर.

मग परब पुढे झाले आणि वाकून हिवाळ्यांच्या जाकिटाकडे बघायला लागले.

"रे, खिशात काय तुझ्या?"

हिवाळ्यांनी खिशात हात घातला. उजव्या खिशातून मोठी लोखंडी कात्री निघाली, तिच्यासोबत मापाची पट्टी, दोन बॉबिन आणि खडूचा तुकडा. ते पहाटे उठून गायनवृंदाच्या दोन पँटी संपवून आले होते, आणि शिंप्याला कात्री अंगावर असल्याचं कळत नाही.

"काका, कात्री घेऊन कोण येतं डायलिसिसला?" श्वेता म्हणाली. "उतरा. जाकीट पण काढा. परब काका, तुम्ही लांब उभे राहा, काट्यावर पाय पडतोय तुमचा."

"माझो पाय खंय?"

"अंगठा आहे. हलवा."

अंगठा हलला. हिवाळे शर्ट-पँटवर पुन्हा चढले. सातशे ग्रॅम. श्वेताने आकडा दोनदा पाहिला, वहीत लिहिला आणि चार नंबरच्या खुर्चीवर चादर टाकायला सांगितली. हिवाळ्यांनी परबांकडे पाहिलं. त्यांनी कात्री परबांच्या हातात दिली आणि सांभाळायला सांगितली.

"आणि तुम्ही," श्वेता परबांकडे वळली. "उद्या सकाळपर्यंत पाचशे मिली. माशाची आमटी नाही. सोलकढी नाही."

"सुकी सुरमय?"

"तुकडा एक. मी वजन घेणार आहे."

परब कुरकुरत निघून गेले. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी यंत्र सुरू झालं. हिवाळ्यांनी डोळे मिटले आणि मोकळ्या हाताची बोटं चादरीवर ठेवून पहिल्या गीताची चाल वाजवायला लागले. शेजारच्या खुर्चीवरच्या संघमित्राताई म्हणाल्या, "अहो, आवाज कमी करा." आवाज अजिबात येत नव्हता. त्यांची हीच थट्टा असते.

साडेदहाला साठलेलं पाणी निघून वजन अठ्ठावन्न किलो झालं. साडेअकराला दुकान उघडलं आणि अनयला निरोप गेला की कीबोर्ड आणायचा असेल तर आण, पण तो बंद ठेवून आण.

उद्या गुरुवार, २५ डिसेंबर. पहिली पाळी नेहमीप्रमाणे साडेसहाला सुरू होईल आणि खुर्ची क्रमांक चारवर, केंद्राच्या वहीत श्वेताने लिहिल्याप्रमाणे, दत्ताराम परब बसतील. उपासना साडेआठला आहे.