सगळ्यात खालचा उंबरा

बचत गटाची अध्यक्ष मी, आणि भांडणातही पुढे मीच. शहाडला आमच्या दोन गल्ल्या समोरासमोर आहेत, मध्ये गटार. इकडे आम्ही कोकणातले, तिकडे बहुतेक घरं बौद्धांची. आमच्या हळदीकुंकवाला त्यांना कधी बोलावलं नव्हतं आणि त्यांच्या जयंतीला आम्ही कधी गेलो नव्हतो, पण वैर असं नव्हतं. ते पुराबरोबर आलं. उल्हास नदी फुगली की गटार उलटं वाहतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरांत कमरेइतकं पाणी शिरलं. ते म्हणाले, तुम्ही भरणी टाकून उंच झालात म्हणून. मी म्हटलं, तुम्ही गटारात कचरा टाकता म्हणून. वर ठणकावून सांगितलं, बुडतो तर आम्हीही, माझाच उंबरा सगळ्यात खाली आहे. तेव्हापासून बोलणं बंद.

मग एका संस्थेच्या ताई आल्या. पुराच्या तयारीसाठी बायकांच्या गटांना त्या निधी देणार होत्या. त्यातून पंप, दोर, औषधांची पेटी घ्यायची. अट एकच, दोन्ही गल्ल्यांचा मिळून एक अर्ज हवा. अर्जात दोन चौकटी होत्या, 'हवामान' आणि 'सलोखा', त्यातली एक निवडायची.

"ताई, आमच्याकडे पाणी आणि भांडण एकाच गटारातून येतं," मी म्हटलं आणि दोन्हीवर खूण केली. ताई हसल्या, पण त्यांनी ती खोडली नाही.

बैठकीत सगळं अडलं ते पंप कुणाच्या दारात ठेवायचा यावर. पुरात जो जवळ, त्याचं घर आधी वाचणार, हे सगळ्यांना कळत होतं. तासभर नुसता कालवा. ताई कागद आवरू लागल्या तेव्हा समोरच्या गल्लीतली सिस्टर उठली. ती दवाखान्यात नर्स आहे. हळू बोलते, आणि हळू बोलणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो.

"काकी, ज्याचा उंबरा सगळ्यात खाली, त्याच्या दारात पंप. चालेल?"

"चालेल की! न चालायला काय झालं?" मी म्हणाले. बोलून बसले.

रविवारी सकाळी ती गवंड्याची पारदर्शक नळी घेऊन आली. नळीत पाणी भरायचं, दोन टोकं दोन दारांत धरायची. पाणी दोन्हीकडे सारख्याच उंचीवर थांबतं. तिथून उंबरा किती खाली, ते मोजून खडूने दारावर लिहायचं. दोन्ही गल्ल्यांतल्या बायका मागून फिरत होत्या, आणि एक टोक मीच धरलं होतं.

सगळ्यात खाली सिस्टरचा उंबरा निघाला. सगळ्यात वर माझा. शिवाय गटारावर पुढे काढलेला माझा ओटा पाणी अडवून त्यांच्याकडे लोटतो, हेही उघड झालं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. आमच्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी एक शब्द वाकडा बोलले असते, तर नळी खोटी ठरली असती, अर्ज फाटला असता आणि पावसाळा तोंडावर होता.

मला लाज वाटली. मी नळी खाली ठेवली. "सिस्टर, माझ्या घरात पाणी कधी आलंच नाही. मी खोटं बोलत होते."

"माहितीये, काकी," ती म्हणाली. "ओटा कधी पाडायचा?"

दुसऱ्याच दिवशी पाडला. पहिला घाव मी घातला, कारण दुसऱ्या कुणी घातला असता तर मी भांडलेच असते. अर्जावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, पंप आला आणि सिस्टरच्या दारात बसला.

आषाढात नदी फुगली. दुपारी सिस्टरकडे गुडघाभर पाणी चढलं आणि आता अडवायला ओटा नसल्याने थोड्या वेळाने माझ्याकडेही घोटाभर आलं. उंबऱ्यावरून ते घरात येताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. पिठाचा डबा उचलू की गादी, मला सुचेना. घोटाभर पाण्यालाच माझी ही गत, आणि त्यांच्याकडे कमरेइतकं होतं तेव्हा मी दारात उभी राहून कचऱ्यावरून त्यांनाच बोल लावत होते.

पलीकडे पंप सुरू होता. सिस्टरने दारातून मला पाहिलं. "काकी, पाइप तुमच्याकडे टाकू का आधी?"

"नको," मी म्हटलं. "आधी तुमचं घर कोरडं होऊ दे."