बाबाले हट्टी म्हणतात

हे मी कोणाजवळच बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, मोठ्या भैयाजवळ तर नाहीच. तुमच्याजवळ काहून बोलून राहिले — मले तरी कुठं माहीत?

बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीले होते. डब्याले भेग दिसली की गाडी सुटू देत नव्हते, साहेब कितीही ओरडला तरी. त्यायच्या लिव्हरमध्ये कॅन्सर निघाला तेव्हा घरात ठरलं — बाबाले नाव सांगायचं नाही. आपल्याकडे नाही सांगत, माणूस खचते म्हणतात. बाबाले काहीतरी सांगून समजवायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, साधी गाठ आहे.

समता कॉलोनीतल्या डॉक्टरनं मले नीट समजावलं होतं. गाठ मोठी आहे, लगेच कापता येत नाही. आधी मांडीच्या नसेतून नळी घालून थेट गाठीत औषध सोडायचं, सोबत सलाईनमधून इंजेक्शनं. दोन्ही मिळून गाठ लहान झाली की ऑपरेशन. बाबाले मी अर्धंच सांगतलं — औषधानं गाठ विरघळते.

आणि ती खरंच लहान झाली. बाबा पोटभर जेवायले लागले, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकायसोबत ओट्यावर बसायले लागले. डॉक्टर म्हणाले, अब देर मत करो, ऑपरेशन करा लो.

दुसऱ्या दिवशी बाबा अंगणात दाढी करून राहिले होते. आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

"पोट्टे, गाठ विरघळून राहिली न? मंग कापून काहून राहिले? तू सांग. तू म्हणशील तसं करू."

तू म्हणशील तसं. एवढा भरवसा — आणि मी? कॅन्सर — एवढा एक शब्द बोलायचा होता. पण तो ऐकल्यावर बाबाचा चेहरा कसा होईल, याचीच मले भीती वाटली. म्हटलं, तुमची मर्जी, बाबा.

"मंग राहू दे," म्हणाले, अन् गालाले साबण लावत बसले.

डॉक्टरले मी फोनवर सांगतलं, पापा नहीं मान रहे. फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटलं मले — हेही सांगूनच टाकते.

गाठ परत वाढली. मंग ऑपरेशन करण्यासारखं काही राहिलं नाही. बाबा विचारत, आता काहून नाही विरघळत? मी पाय दाबत राहायची. तेव्हाही नाही सांगतलं.

दरवर्षी त्यायच्या श्राद्धाले पंगत उठल्यावर भैया म्हणते, "ऑपरेशन करा लेते तो आज बैठे होते. बड़े ज़िद्दी थे." सगळे मान हलवतात. मीही हलवते.

बाबा हट्टी नव्हते. त्यायनं मले विचारलं होतं.