ओळखीची गाठ

आमच्या खाडीतल्या बेटावर बायकांनी टाकाऊ जाळ्यांच्या पिशव्या विणायचा उद्योग काढला, तेव्हापासून पुरुषांची नजर बदलली आहे. जेट्टीवर मांडलेल्या पिशव्यांकडे ते पंचनाम्याला आल्यासारखे पाहतात. हा खेळ बघायला मी, होडीची वाट पाहायच्या निमित्ताने, रोज पुढची जागा धरतो.

आज धर्मा नाखवा आला. एक निळी पिशवी त्याने उन्हात धरली आणि गाठींवरून अंगठा फिरवला. इथे जाळं सांधताना प्रत्येकाची गाठ वेगळी पडते, सहीसारखी.

"ही गाठ माझी हाय," तो विणत बसलेल्या बायकोला म्हणाला. "माझं जालं फाटलं कवा?"

"जालं धड होतं," ती मान वर न करता म्हणाली. "चक्कर तुला येते. गेल्या खेपेला होडीत पडलास, तवाच मी कातर लावली."

टाकाऊ काय, हे ठरवायचं कुणी? ज्याची वस्तू त्याने, की जिचा जीव त्या वस्तूपायी टांगणीला लागतो तिने? मला अंगणातली माझी जुनी स्कूटर आठवली. हल्ली बायको तिच्याकडे फार प्रेमाने बघते.

नाखव्याने पिशवीत हात घालून तळ चाचपला.

"मग म्हावरं आनायचं कुठनं?"

"बाजारातनं. पिशवी हातातच हाय तुझ्या."

जन्मात मासळी विकत न घेतलेला तो माणूस पिशवी खांद्याला लावून दोन पावलं गेला आणि वळला.

"बाजारातलं ताजं असंल कशावरनं?"